मालगुंडच्या वाळूवरचा महाकाय शिशू

सन २०२३ च्या लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, मालगुंड आणि गणपतीपुळे यांना जोडणाऱ्या किनाऱ्यावर सुमारे वीस फूट लांबीचे देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतलेले आढळले. ते निळ्या देवमाशाचे असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या प्राण्याची ही जात.

पूर्ण वाढलेला निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत लांब असू शकतो. त्याचे वजन शंभर टनांहून अधिक, म्हणजे हजार क्विंटलांच्या वर भरते. एवढा अवाढव्य देह पोसला जातो तो मात्र बोटभरही नसलेल्या, कोळंबीसारख्या जीवांवर. आपण त्याला मासा म्हणतो, हा भाषेचा भाबडेपणाच! तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि मादी पिल्लाला दूध पाजते. त्या दुधात स्निग्धांश तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असतो. म्हशीच्या दुधात तो सात-आठ टक्के असतो, हे गृहिणींना सांगायला नको. त्यामुळे पिल्लाचे वजन रोज सुमारे नव्वद किलोंनी वाढते. दिवसाकाठी जवळजवळ एक पोते!

समुद्रात पाणी हा सारा भार तोलून धरते. वाळूवर आधार सुटतो; स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसे दबू लागतात. थंड पाण्यात ऊब राखणारा चरबीचा जाड थर उन्हात देहाची उष्णता बाहेर पडू देत नाही. जे वैभव, तेच संकट.

ऐन पाडव्याच्या दिवशीही वनविभाग, तटरक्षक दल, पोलीस आणि ग्रामस्थ किनाऱ्यावर झटत होते. अंगावर पाणी ओतले जात होते, पशुवैद्यकांनी सलाईन लावले, भरतीची वाट पाहून दोर आणि बोटीच्या साहाय्याने ओढण्याचे प्रयत्न झाले. सुमारे चाळीस तासांनी पिल्लू खोल पाण्यात पोहोचले, तेव्हा सर्वांनाच हायसे वाटले.

परंतु वीस फुटांचे पिल्लू म्हणजे या जातीत तान्हे बाळच. सहा-सात महिने त्याला मातेच्या दुधावाचून गत्यंतर नसते, आणि ते दूध माणसाला कोठून आणता येणार? पिल्लू पुन्हा किनाऱ्याकडेच आले आणि तेथेच त्याने प्राण सोडले.