पांगल्यावर काय उरते?

दोन कण आदळून दूर गेले की त्यांच्यातले बल मावळते. पुढचा हिशेब सोपा. घोटाळा तिसऱ्या कणाने होतो. तो कितीही लांब गेला, तरी मागचे दोघे एकमेकांना धरून राहू शकतात. म्हणजे अंतर वाढूनही बल संपत नाही. रशियन गणिती फाद्देयेव यांनी १९६०च्या सुमारास समीकरण जोड्याजोड्यांनी फोडून, काही अटींवर, तिघांचा प्रश्न सोडवला.

कण कितीही असोत, अखेर सुटे होतात किंवा गटागटांनी बांधलेले राहतात. पुंजयामिकीत याखेरीज दुसरी गत नाही. असली तर सर्व शक्यतांची बेरीज एक भरणारच नाही! सिगल व सॉफर यांनी हे १९८७मध्ये सिद्ध केले, पण आखूड पल्ल्याच्या बलांपुरते. अणू बांधणारे विद्युतबल तर लांब पल्ल्याचे. त्याची सिद्धता डेरेझिन्स्की यांनी १९९३मध्ये दिली.