गव्हाणीतील बालक आणि श्रमाची प्रतिष्ठा

नाताळनिमित्त भाविकांची दृष्टी गव्हाणीतील बालकाकडे वळते. सुताराच्या घरी वाढलेल्या ख्रिस्ताने श्रमाला पावित्र्य दिले. परंतु या श्रद्धेला सामाजिक विचाराचे रूप यावयास तत्त्वज्ञानाचे साहाय्य लाभले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे न्याय व लोकहित यांची मांडणी केली. तिचाच आधार घेऊन पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामगारांचा न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क उद्घोषित केला. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांचा समग्र मानवतावाद पोप पॉल सहावे यांच्या १९६७ च्या विश्वपत्रात उतरला. तरुणपणी दगडखाणीत राबलेले पोप जॉन पॉल दुसरे हे जर्मन तत्त्वज्ञ माक्स शेलर यांचे अभ्यासक. श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नव्हे, हा विचार त्यांनी १९८१ मध्ये मांडला.

नाशिकला हा विचार परका नाही. मानवी प्रतिष्ठेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथेच आरंभिला. पुढे १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि येशूसंघीय थॉमस भालेराव पहिले बिशप झाले.

२०२५ मध्ये नव्या पोपनी, यंत्रबुद्धीच्या युगातील श्रमिकाचे स्मरण ठेवून, लिओ हेच नाव धारण केले. मात्र विश्वपत्रांचा खरा कस लागतो तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि द्राक्षबागांत. तेथील मजुराला न्याय्य मोबदला व मान मिळेल, तेव्हाच गव्हाणीपुढील दिवा सार्थ ठरेल.