एका मीटरला एक अणू

दिवा वळणावर लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. सिंहगड रस्ता सोडून राजाराम पुलाकडे वळले की मीटरमध्ये लाल वर्तुळ उमटायचं, आत उद्गारचिन्ह. पुलावर चढले की जसं काही घडलंच नाही. पहिल्या दिवशी हँडब्रेक तपासला, कारण तो एखादा दात वर राहिला तरी हाच दिवा लागतो. तो पूर्ण खाली होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शनिवारी घाट उतरून खोपोलीला जायचं होतं, म्हणून शुक्रवारी सकाळी बॉनेट उघडलं.

ब्रेक ऑइलची टाकी म्हणजे पांढरट प्लॅस्टिकची छोटी डबी. बाहेरून तेल दिसतं, अंगावर दोन रेघा असतात, वरची कमाल आणि खालची किमान. माझं तेल खालच्या रेघेला टेकलं होतं. आत एक तरंगणारा गोळा असतो, त्यात लोहचुंबक. तेल उतरलं की गोळा उतरतो, तळाशी स्विच जुळतो आणि दिवा लागतो. वळणावर तेल एका बाजूला झुकतं, गोळा क्षणभर खाली जातो. माझ्या लुकलुकत्या दिव्याचं कोडं एवढंच होतं.

पण तेल गेलं कुठं? हा प्रश्न सोडून पुढं जाता येत नाही. गळत असेल तर गाडी जागची हलवू नये. चाकांच्या आतल्या बाजूला, पेडलच्या वर, रात्रभर गाडी उभी होती त्या फरशीवर, सगळीकडे हात फिरवून पाहिला. कोरडं. पेडल दाबून धरलं, ते खाली सरकत नव्हतं. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तेल कुठं गेलं नाही. पुढं सरकलंय."

या शेवटच्या दोन शब्दांचा हिशेब मी त्या दिवशी वहीत मांडला, आणि तेव्हापासून ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवताना दर वेळी तो आठवतो.

पुढच्या प्रत्येक चाकाला लोखंडी डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे दोन पॅड. पॅड झिजला की त्याच्यामागचा पिस्टन तेवढाच पुढे येऊन उभा राहतो, आणि त्याच्या पाठीमागची मोकळी जागा तेल भरून काढतं. मिस्त्रींनी पॅड काढून हातात दिले. मी व्हर्नियर लावला. नव्या पॅडवरचा घासणारा थर ११ मिलिमीटर होता, माझ्या पॅडवर उरलेला २. तीन मिलिमीटरला बदलायला हवे होते. ९ मिलिमीटर गेले होते, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढे. चाकाला पिस्टन एकच, म्हणून दोन पॅड मिळून तो १८ मिलिमीटर बाहेर आलेला. ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनमागे एवढ्या जागेत ४१ मिलिलिटर तेल मावतं, दोन्ही चाकांचं मिळून ८२. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. दिव्याला ब्रेकबद्दल काहीच ठाऊक नसतं, त्याला फक्त हा ग्लासभर फरक कळतो. या गाडीच्या टाकीवरच्या दोन रेघांमधलं अंतर पॅडच्या आयुष्याशी जुळवलेलं आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

हे ९ मिलिमीटर झिजायला ४०,००० किलोमीटर लागले होते. भागाकार केला तर एका किलोमीटरला ०.०००२२५ मिलिमीटर. आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून माणसाचा केस घेऊ. केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर. पॅडचा एवढा थर जायला ३०० किलोमीटर लागतात, म्हणजे पुणे-मुंबई जाऊन परत यायचं तेव्हा कुठे एका केसाएवढा पॅड कमी होतो. आणखी खाली उतरलं की गणित अंगावर येतं. एका मीटरला ०.२२५ नॅनोमीटर. लोखंडाच्या एका अणूचा व्यास जवळपास ०.२५ नॅनोमीटर असतो. सरासरी काढली तर गाडी एक मीटर पुढे गेली की पॅडवरून एका अणूच्या जाडीचा थर निघतो. मी वहीतलं ते वाक्य तीनदा तपासलं. बरोबर होतं.

प्रत्यक्षात थर असा सोलून निघत नाही, कण तुटतात आणि तेही फक्त ब्रेक धरल्यावरच. म्हणून दुसऱ्या बाजूने मोजू. शहरात किलोमीटरला दोनदाच ब्रेक धरला असं समजलं, आणि आमच्या रस्त्यांवर हे फारच कमी आहे, तरी ४०,००० किलोमीटरमध्ये ८०,००० वेळा. प्रत्येक वेळी १,२०० किलोची गाडी ताशी ४० वरून थांबली तर दर खेपेला ७४,००० ज्यूल उष्णता. सगळ्यांची बेरीज ५९० कोटी ज्यूलच्या वर जाते. विजेच्या भाषेत १,६४६ युनिट. महिन्याला दीडशे युनिट जाळणाऱ्या घराचं अकरा महिन्यांचं वीजबिल. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर नळाचं गार पाणी उकळीपर्यंत न्यायचं असेल तर जवळजवळ १९,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. यातला काही वाटा इंजिन उचलतं आणि काही मागचे ब्रेक. पण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, आणि ढोबळमानाने सत्तर टक्के काम पुढच्या चार पॅडना पडतं. एका पॅडचा घासणारा भाग ४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, पत्त्याच्या पानाहून लहान.

आता एकच ब्रेक घेऊ, पण जोराचा. ताशी १०० वरून, समोर अचानक कुणी आडवं आलं म्हणून. त्या क्षणी गाडीत ४,६३,००० ज्यूल ऊर्जा असते आणि कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असतील तर ती साडेतीन सेकंदांत संपवायची असते. सरासरी काढली तर १७७ अश्वशक्ती, आणि ब्रेक लागतो त्या पहिल्या क्षणी साडेतीनशेच्या वर. माझ्या गाडीच्या इंजिनाची ताकद ऐंशीच्या घरात आहे. म्हणजे गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र इंजिन नाही, ते चाकांच्या आड दडलेलं आहे. आपण गाडी घेताना इंजिन विचारतो, मायलेज विचारतो, स्क्रीन किती इंची ते विचारतो. पॅड कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एवढी पकड येते कुठून? पायाने पेडल दाबतो तेव्हा पेडलची तरफ आणि बूस्टर मिळून तो जोर कितीतरी पटींनी वाढवतात, आणि नळ्यांमधल्या तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या ५५ पट होतो. पाण्याखाली दर दहा मीटरला एक हवेचा दाब वाढतो, म्हणजे हा दाब ५५० मीटर खोलीचा. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. अशी पाच धरणं काठोकाठ भरून एकावर एक रचली तर तळाशी जो दाब असेल तो आपल्या पायाखालच्या, बोटाहून बारीक नळीत असतो. त्या दाबाने प्रत्येक पुढच्या चाकावर पिस्टन सुमारे १,२८० किलोचा रेटा देतो. म्हणजे गाडीच्या अख्ख्या वजनाएवढा, एका चाकाच्या चिमट्यात.

घाट उतरताना गोष्ट वेगळी होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या आसपास, खोपोली ६० च्या. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी हे ५६० मीटर उतरते तेव्हा ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. २६ लिटर पाणी उकळेल एवढी, आंघोळीच्या दोन बादल्या. टायरची ओढ आणि वारा बराच भार उचलतात. उरलेला इंजिनाने उचलायचा की ब्रेकने, हे गिअरवर ठरतं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक पेट्रोल वाचवत नसतात, ते उरलेला सगळा भार ब्रेकवर टाकत असतात.

आणि तिथे तेल आडवं येतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये तेच आकडे २३० आणि १५५. ताशी १०० वरून एकदा थांबलं तर पुढच्या डिस्क ७० अंशांनी तापतात. गार व्हायला उसंत न देता चार-पाच वेळा झालं की तीनशे पार, आणि ती आच पॅडमधून पिस्टनकडे, पिस्टनकडून तेलाकडे. झिजलेला पॅड पातळ असतो, तो ही आच तेवढी अडवू शकत नाही. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकतं. दर दोन वर्षांनी तेल बदला असं सांगतात ते यासाठी. कोकणात पावसाळा काढणाऱ्या गाडीने तर यात एक दिवसाचीही सवलत मागू नये.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. शंभरावर किलोमीटरचा रस्ता, सोबत दोन मुलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा तिने वाटेत एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. झिजेल ते बदलता येण्याजोगं हवं, ही अक्कल त्या चामड्यात होती. आजच्या पॅडमध्ये राळेत बांधलेले धातूचे तंतू, ग्रॅफाइट, रबराची पूड असं बरंच काही असतं, पण काम तेच, डिस्कच्या आधी आपण झिजणं. माझ्या चार पॅडमधून साधारण ३६० ग्रॅम पूड झाली, किलोमीटरला ९ मिलिग्रॅम, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. ती चाकावर बसली, रस्त्यावर पडली, काही हवेत गेली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत या धुळीवर पहिल्यांदाच बंधन आलं. हवेत जाणारी बारीक धूळ साध्या पेट्रोल-डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमपर्यंतच.

आधीच्या गाडीच्या वेळी मला हे काही माहीत नव्हतं. तेव्हाही दिवा लागला होता. एका गॅरेजने टाकीत तेल ओतून दिलं, दिवा विझला, मी पैसे देऊन घरी आले. पुढे पॅड संपून पत्रा डिस्कला लागला तरी दिवा गप्पच, कारण टाकी भरलेली होती. खरवडल्याचा आवाज आला तोवर दोन्ही डिस्कवर नखाने जाणवतील असे चर पडले होते. मुलगी मागच्या सीटवर होती. तेल ओतण्याआधी पॅड बघा, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

या वेळी मिस्त्रींनी गाडी जॅकवर उचलली, खाली घोडी लावली, चाकं काढली. गोटीपान्याने कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट सोडून तो पुस्तकासारखा वर उघडला आणि तारेने बांधून ठेवला, नळीला ओढ बसू नये म्हणून. सरकत्या पिना पुसून ग्रीस लावलं. मग जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून क्लॅम्प लावला आणि अगदी सावकाश आवळायला घेतला. मला म्हणाले, "तुम्ही टाकीकडं बघत राहा. वर येऊन सांडलं तर रंग खाईल."

मी बघत राहिले. आधी काहीच नाही. मग तेलाची कड किमान रेघेपासून सुटली. एका चाकाला रेघांच्या मधोमध आली, दुसऱ्या चाकाला वर. नवे पॅड बसले, चाकं चढली. गाडी हलवण्याआधी पेडल दाबायचं असतं. पहिल्या दाबाला ते थेट फरशीला गेलं, दुसऱ्याला अर्ध्यावर, चौथ्याला दगडासारखं घट्ट. पुन्हा बॉनेट उघडून पाहिलं. एक थेंबही ओतला नव्हता, आणि तेल वरच्या रेघेच्या जरासं खाली येऊन थांबलं होतं.