ठोका मधे, दोष टोकाला
(जुन्या गाडीची दुरुस्ती : लेखांक 9)

मागच्या आठवड्यात गिअरबॉक्स संपवला. आज त्याच्या मागे जाऊ. नमुन्याला घेतली आहे विलीज बनावटीची जुनी महिंद्रा जीप, सीजे-3बी.

तक्रार ठरलेली असते. क्लच सोडला की सीटखाली ‘टण्’ असा ठोका बसतो, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा एक. मिस्त्री गाडीखाली सरकतो, प्रॉपेलर शाफ्ट हातानं फिरवून बघतो. शाफ्ट चांगलाच मोकळा हलतो, आणि लगेच निदान होतं : क्राउन-पिनियन गेला. या निदानावर विश्वास ठेवून मी एकदा नवा क्राउन-पिनियन बसवला होता. ठोका जसाच्या तसा राहिला.

चूक हिशेबात होती. या जीपच्या मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर 5.38 आहे. चाकांचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे 5.38 फेरे होतात, आणि ढिलाईलाही हाच गुणाकार लागतो. दोन्ही चाकांकडे एकेका अंशाची ढिलाई असली, तर शाफ्टवर ती पाच अंशांहून जास्त दिसते. उलट क्राउन-पिनियनच्या दातांत मुद्दाम ठेवलेली फट साधारण 0.15 मिलिमीटरची. तेवढ्यानं पिनियनच्या फ्लँजची कड अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. तीच कड चार-पाच मिलिमीटर हलत असेल, तर दातांवर आळ घेण्याआधी चाकांकडे जायला हवं. शिवाय दात खरोखर खराब झाले असतील तर वेगात असताना हाउसिंगमधून घूं-घूं आवाज येतो; नुसता ठोका बसत नाही.

तपासताना इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर, पुढून-मागून भक्कम दगड. दगड विसरू नका, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, थेट शाफ्टच्या तोंडावर असतो. त्याचाच इथे उपयोग होतो. हँडब्रेक ओढला की शाफ्टचं पुढचं टोक अडकतं. आता शाफ्ट पिळून बघा. जेवढा हलेल तेवढी ढिलाई पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटमधल्या क्रॉसची आणि सरकत्या स्प्लाइनची. नंतर हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला घ्या, सोबत्याला पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा पिळा. या वेळी मागचा क्रॉस, हाउसिंग आणि दोन्ही चाकांपर्यंतची सगळी ढिलाई हाताला लागते.

आता खडू घ्या. हबवरची टोपी काढून ॲक्सलच्या टोकावरून हबवर एक सरळ रेघ ओढा. ब्रेक दाबलेला असताना शाफ्ट जोरात मागेपुढे करा. रेघ मधेच तुटली, तर हब ॲक्सलच्या निमुळत्या टोकावर हलतो आहे. मला दोष सापडला तो इथेच : नट कधीतरी ढिला राहिला होता आणि आतली चावी ठोके खाऊन कडांना गोल झाली होती. नुसता नट आवळून हे दुरुस्त होत नाही. नवी चावी घाला, आणि हबमधली खाच रुंदावली असेल तर हबच बदला. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. त्या हबवर चाक उभं असतं.

रेघ अखंड राहिली तर हाउसिंग उघडायचं. तिथेही आधी डिफरन्शियलच्या छोट्या गिअरमागचे वॉशर, त्यांची पिन आणि ॲक्सलचे स्प्लाइन बघा. झिजलेला वॉशर क्राउन-पिनियनच्या मानानं अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

राहिला क्रॉस. त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली की आतल्या सुया ग्रीसविना गंजल्या असं समजा. क्रॉस काढला की त्याच्या बोटांवर सुयांच्या चऱ्या पडलेल्या दिसतील. असा क्रॉस ग्रीस मारून सुधारत नाही, पुरा बदलावा लागतो. बसवताना खरी काळजी स्प्लाइनची. कोनात फिरणारा क्रॉस पुढच्या शाफ्टला दर फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा संथ करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक भरून काढतो, पण दोन्हीकडचे फोर्क एका रेषेत असतील तरच. स्प्लाइन एक दात चुकून बसली तरी नव्याकोऱ्या क्रॉसनिशी गाडी थरथरू लागते. दोन्ही तुकड्यांवर बाण कोरलेले असतात, ते मळाखाली गाडलेले असतात. शाफ्ट वेगळा करण्याआधी ते रॉकेलनं पुसून शोधा. नाहीच दिसले तर दोन्ही तुकड्यांवरून पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढा, आणि तो वाळल्यावरच सर्क्लिपला हात लावा.