एकच केक, वेगवेगळी नाकं

मांजरासमोर केकचा तुकडा ठेवला तर ते वरचं क्रीम चाटेल, पण त्यातल्या साखरेचा त्याला पत्ताही लागणार नाही. गोड चव ओळखायला जिभेवर दोन प्रथिनांची जोडी लागते. त्यातल्या एकाचं जनुक मांजरात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली उघड झालं. वाघ आणि चित्ताही त्याच पंगतीतले. माणसाचं नेमकं उलटं आहे: गोडाची ओढ आपण जन्मतःच घेऊन येतो.

मग केकवरून घराघरांत एवढे तट कसे पडतात? एकाला चॉकलेटशिवाय चालत नाही, दुसरीला अननसाचाच हवा, आजोबांना ‘तो साधा, बिनक्रीमचा’ लागतो आणि मावशी क्रीम खरवडून बशीच्या कडेला सारते.

या भांडणाचं मूळ जिभेपेक्षा नाकात जास्त आहे. नाक चिमटीत धरून व्हॅनिला केकचा घास चावा. गोड लागेल, मऊ लागेल, पण व्हॅनिला गायब! चिमूट सोडली की क्षणात ती हजर होते. घास चावताना सुटलेला वास घशामागच्या वाटेनं नाकात चढतो आणि मेंदू त्याचं सगळं श्रेय जिभेला देऊन टाकतो. वास टिपणारी सुमारे ४०० प्रकारची प्रथिनं माणसाच्या नाकात असतात. कुठल्याही दोन माणसांची तुलना केली तर त्यांपैकी साधारण तीस टक्क्यांचं काम एकसारखं चालत नाही, असा २०१४ सालच्या एका संशोधनाचा अंदाज आहे. म्हणजे एकाच वाढदिवसाला, एकाच सुरीनं कापलेला केक प्रत्येकाच्या तोंडात थोडा वेगळा असतो. ‘तुला चवच कळत नाही’ हे वाक्य त्यामुळे जरा जपून वापरावं.

नाकाला सवयही लागते, आणि किती लवकर! जर्मनीत एकेकाळी तान्ह्या मुलांच्या बाटलीच्या दुधात व्हॅनिलाचा वास घातला जाई. ती मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी शक्कल लढवली. त्यांनी दोन प्रकारचं टोमॅटो केचप लोकांना चाखायला दिलं, एक साधं आणि एक किंचित व्हॅनिला घातलेलं. अंगावर प्यायलेल्यांत साध्या केचपला पसंती देणारे जास्त निघाले, तर बाटलीवर वाढलेल्यांत व्हॅनिलावालं निवडणारे. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केचपमध्ये व्हॅनिला ही कल्पनाच मला सोसत नाही, पण पाळण्यातली आवड मोठेपणी चक्क केचपच्या चमच्यात उगवते, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

गोड किती हवं, हे मात्र वयावरही ठरतं. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं आणि किशोरवय सरताना ही ओढ ओसरते. केकवरच्या साखरेच्या गुलाबासाठी पोरं भांडतात, त्यात हावरटपणापेक्षा वाढत्या वयाचाच भाग जास्त.

आता क्रीम सारणारी मावशी. तिची तक्रार बहुधा रास्त आहे. लोणी तोंडाच्या उबेनं वितळतं, चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना. स्वस्त क्रीममध्ये मात्र बऱ्याचदा लोण्याऐवजी घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. त्यातला काही भाग तोंडाच्या तापमानालाही वितळत नाही, म्हणून तो टाळूला मेण लावल्यासारखा चिकटून बसतो. उन्हाळ्यात दुकानदाराची सोय होते, खाणाऱ्याची नाही.

आजोबांच्या बाजूनं तर मला जरा जास्तच बोलायचं आहे. घरोघरी ओव्हन येण्याआधी कुकरची शिट्टी काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून केक भाजला जाई. आच खालून, त्यामुळे केकचा तळ तांबूस खरपूस आणि माथा फिका. ही तांबूस खरपूस चव येते ती साखर आणि प्रथिनांच्या अभिक्रियेतून. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली तिचं वर्णन केलं. कोरड्या, तापलेल्या पृष्ठभागावर ती झपाट्यानं होते आणि तिच्यातून शेकडो नवी वासद्रव्यं जन्म घेतात. इराणी बेकऱ्यांच्या मावा केकची गंमत अशी की ही अभिक्रिया भट्टीच्या आधीच सुरू झालेली असते. मावा आटवताना दुधातली साखर आणि प्रथिनं कढईतच एकमेकांना भिडतात. वर वेलची, मग भट्टीची आच. अशा केकवर क्रीम थापणं म्हणजे कढईतल्या कष्टांवर पाणी ओतणं, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी एक सोपा उपाय. गोडीचा निरोप मेंदूकडे धाडणाऱ्या पेशींत एक असं प्रथिन आहे, जे १५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात तापमान वाढेल तसं जोमानं काम करतं. फ्रिजमधून थेट बशीत आलेला केक म्हणूनच कमी गोड लागतो, आणि वासही कमी सुटतो. ज्यांना केक मनापासून आवडतो त्यांनी तो थोडा वेळ बाहेर ठेवून खावा. ज्यांना ‘फारच गोड’ वाटतो, त्यांनी थंडगारच घ्यावा.