लावणी म्हणा, रोवणी म्हणा

कान्हे फाट्यावरून निघून इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक येतं. आंदर मावळाचं हे बाजाराचं गाव. गावाच्या नावातच परक्या भाषेचा शिक्का आहे. बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, थोरलं. धाकटं टाकवे खुर्द याच मावळ तालुक्यात आहे. आषाढात इथे खाचरांत चिखलणी चाललेली असते. उन्हाळ्यात भाजलेल्या राबावर वाढलेली रोपं उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि मग लावणी.

हेच काम भंडारा-गोंदियात बघायला गेलात तर ‘भात’ ताटात सापडेल, शेतात असतं ते धान. रोपं म्हणजे पऱ्हे, खाचर म्हणजे बांधी, लावणी म्हणजे रोवणी. अकोले-इगतपुरीकडे आवण आणि आवणी. तळकोकणात रोपांना तरवा म्हणतात आणि शेताच्या तुकड्याला कुणगा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ दुकानात सगळीकडे एकाच नावाने मिळतो. त्याच्या रोपाला मात्र घाट उतरला की दुसरं नाव.

बोलीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ‘नाद खुळा’, ‘काटा किर्र’, ‘अबे पोट्ट्या’ सुरू होतं. रील्समुळे हा माल आता घरोघर पोचलाय. त्यात गंमत आहे, नाही असं नाही. पण हे शब्द कुणालाही दोन दिवसांत उचलता येतात. बोली खरी मुरलेली असते ती हातातल्या कामाच्या शब्दांत आणि त्याहून खोल क्रियापदात.

एकच वाक्य घेऊ. आई चुलीपुढे बसली आहे, तवा तापला आहे. पुण्यात ती भाकरी करतीये. नागपुरात माय भाकर करून राहिली. नांदेडकडे माय भाकर करायलीय. खानदेशात माय भाकर करी ऱ्हायनी. मालवणात आवस भाकरी करता हा. कोल्हापुरात आई भाकरी कराय लागल्या. हे शेवटचं ऐकून परका माणूस समजतो, आईला आदराने बोलतायत. तसं काही नाही. ‘लागली आहे’चं ते आखडलेलं रूप. तिथे गाडीसुद्धा ‘आल्या’च असते, एकटीच. आणि त्याच कोल्हापुरात बाई सरळ ‘मी जातो’ म्हणते. शहाण्यासुरत्या पुणेकराने तिची चूक काढली की मला त्याचीच कीव येते.

नागपूरचं ‘करून राहिली’ ऐकलं की हिंदीचं ‘कर रही’ आठवतंच. विदर्भ आधी मध्य प्रांतात आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि कचेरी, शाळा, बाजार यांत हिंदीचा शेजार होता. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथे उर्दूचा वावर. खानदेशाला गुजरातीचं अंगण. बहिणाबाई चौधरींची बोली लोक सर्रास अहिराणी समजतात. जळगावकडच्या मंडळींना विचारा, ती लेवा गणबोली. झाडीपट्टीच्या बोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. मालवणीला मात्र पुढारी आयता मिळाला, गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आणि त्यातले मच्छिंद्र कांबळी. त्या नाटकाने मुंबईच्या प्रेक्षकाला मालवणी ऐकायची सवयच लावली.

अमेरिकेत असे बोलीतले शब्द गोळा करायला फ्रेडरिक कॅसिडी या प्राध्यापकाने 1965 ते 1970 या काळात माणसं धाडली. गाडीतच बिछाना टाकून ती 1002 गावा-शहरांत हिंडली, लांबलचक प्रश्नावली घेऊन. त्यातून निघालेल्या कोशाचा पहिला खंड 1985 साली आला, शब्दांचा शेवटचा 2012 साली. थंड पेयाला कुठे सोडा, कुठे पॉप, कुठे नुसतं कोक म्हणतात असल्या गोष्टींसाठी एवढी चिकाटी!

आपलं काम तुकड्यातुकड्यांत झालं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा, ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड 1905चा. पुढे अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, वारली अशा एकेका बोलीची पुस्तकं केली. गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवलं आहे. कोश चाळण्यापेक्षा मला ते ऐकणं जास्त आवडतं. शब्दाचा हेल कागदावर येत नाही.

पण हे सगळं बोलीला गावाच्या पत्त्यावर शोधतं, आणि बोलणारी माणसं पत्ता बदलून बसली आहेत. टाकव्याच्या आसपास कारखाने आले, भाड्याच्या खोल्या आल्या आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली पोरं एका नळावर पाणी भरू लागली. विदर्भातल्या बाईने भाजीवालीकडे सांबार मागितला की आधी मसाल्याच्या पुडीकडे बोट जातं. तिला कोथिंबीर हवी असते. हा घोळ दोनदा होतो, तिसऱ्यांदा होत नाही. भाजीवाली शिकते. क्रियापदाचं तसं नसतं. बीडचा फिटर कोथिंबिरीला काहीही म्हणेल, पण फोनवर ‘काय करायलास?’ असंच विचारेल. त्याचं पोर शाळेत ‘काय करतोयस?’ म्हणतं आणि घराचा उंबरा ओलांडला की ‘करायलास’. इथल्या खेळाच्या मैदानावर मावळी पोरं त्याला त्यावरून चिडवतात आणि चिडवता चिडवता स्वतःही तसंच बोलू लागतात.