‘पडले’ म्हणणाऱ्या बाईला काय विचारायचं?

आज जयनगरहून तुमच्याशी एका साध्या शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘पडले’.

सैन्यात जवानाचं हाड मोडलं की इंजरी रिपोर्ट भरतात. कुठे लागलं, कसं लागलं, ड्यूटीवर होता का, कोणी पाहिलं? अशा कागदांवर मी कितीतरी सह्या केल्या. पण आमच्या एका जवानाची बायको वर्षभरात तीनदा एमआय रूममध्ये आली. एकदा मनगट, एकदा बरगडी, एकदा फुटलेला ओठ. रजिस्टरात तीनही वेळा ‘पडली’ एवढंच. ते रजिस्टर माझ्यासमोर यायचं. घरचा मामला म्हणून मीही विचारलं नाही. ती चूक अजून बोचते.

हा प्रकार किती मोठा आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी देशात सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के आहे, आमच्या कर्नाटकात ४४. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के.

परिणाम फक्त जखमांपुरते नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या अहवालानुसार अशा स्त्रियांमध्ये नैराश्य जवळपास दुप्पट आढळतं आणि कमी वजनाचं मूल होण्याची शक्यताही वाढते. सततची डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणं, गर्भपात यांमागेही मारहाण असू शकते. गोळ्या बदलत राहतात, कारण तसंच राहतं.

हा भार सगळ्यांवर सारखा नसतो. गरीब आणि कमी शिकलेल्या घरांत हिंसेचं प्रमाण जास्त दिसतं आणि दवाखान्याचे पर्याय मात्र कमी. अमेरिकेतही असंच आहे. तिथल्या २०१०च्या सरकारी पाहणीत जोडीदाराकडून अत्याचार किंवा पाठलाग सोसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सुमारे ४४ टक्के होत्या, गोऱ्या ३५ टक्के. हा फरक रक्तातला नाही. गरिबी, घराची चणचण, पोलिसांवरचा आणि इस्पितळांवरचा अविश्वास यांतून तो येतो. आपल्याकडे त्यात जात येते, आणि परराज्यात भाषाही. सोलापूरची मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला येते. कन्नड येत नाही. डॉक्टरांसमोर तिच्या वतीनं बोलतो कोण? नवराच! ज्यानं मारलं, तोच दुभाषा.

यावर उपाय मुंबईत सापडला. २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. विचार सरळ होता. पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे जायला बाईला घरातून परवानगी मिळत नाही, दवाखान्यात जायला मिळते. मग मदत तिथेच ठेवायची. डॉक्टर-नर्सना खुणा ओळखायला शिकवलं आणि समुपदेशक त्याच इमारतीत बसवले. पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांत अशी केंद्रं निघाली, केरळनं ‘भूमिका’ सुरू केली.

विचारायचं कसं, याचीही रीत आहे. जखम आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल, किंवा दुखापत पुन्हा पुन्हा होत असेल, तर नातेवाइकांना बाहेर बसवा. दुभाषा घरातला नको. मग हळू विचारा, “घरी कोणी हात उगारतं का?” ती बोलली तर ऐका, विश्वास ठेवा, आज घरी जाणं सुरक्षित आहे का ते पाहा. ‘सहन कर’ किंवा ‘लगेच सोडून दे’, दोन्ही सांगू नका. निर्णय तिचा.

कायदाही तिच्या बाजूनं आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यानुसार मागणी केल्यावर रुग्णालयानं उपचार द्यायचेच असतात आणि आधी तक्रार नोंदवलेली नाही म्हणून ते नाकारता येत नाहीत. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. मदतीसाठी १८१, तातडीसाठी ११२.

जवानाच्या मोडलेल्या हाडाचं कारण आम्ही कागदावर मागायचो. त्याच्या बायकोच्या हाडाचं मागितलं नाही. तुमच्या ओळखीत कोणी वरचेवर ‘पडत’ असेल, तर ती एकटी असताना एकदा विचारा. लगेच उत्तर मिळणार नाही कदाचित. पण कोणाला सांगता येईल, हे तिला कळलेलं असेल.

जय हिंद.